टेबलावर शहाणा, वाडीत वेडा

अलिबागहून दक्षिणेला निघालं की आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी नारळी-पोफळीच्या वाड्यांची रांग लागते. एके काळी इथलं शिंपणं रहाटावर चालायचं. आता विहिरीवर मोटर असते, आणि अलीकडे स्टार्टरच्या शेजारी प्लॅस्टिकचा एक लहानसा खोकाही दिसू लागला आहे. त्यात मोबाइलचं सिमकार्ड असतं. मालक ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत. त्याने त्या नंबरावर मिस्ड कॉल दिला की मोटर चालू, पुन्हा दिला की बंद, आणि काम झाल्याचा एसएमएस परत. आत फारसं काही नसतं. एक मायक्रोकंट्रोलर, एक जीएसएम मॉड्यूल, एक रिले आणि पाच व्होल्टचा ॲडॅप्टर. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेला हुशार मुलगा सुट्टीत असा खोका जोडून देतो.

टेबलावर तो बिनचूक चालतो. वाडीत लावला की चार-आठ दिवसांत तक्रारी सुरू होतात. मोटर मध्येच बंद पडते, एसएमएस येत नाही, कधी आलाच तर एकाच कॉलला तीनदा येतो. झाकण काढून समोर बसलं तर जे घडतं ते डोळ्यांना दिसतं: कॉल येतो, रिले 'टक' करून ओढली जाते, मॉड्यूल उत्तर पाठवायला लागतं, आणि तेवढ्यात सगळे दिवे क्षणभर विझून पुन्हा लागतात. रिले सुटते. कंट्रोलर चालू काम विसरून प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीवर जाऊन उभा राहिलेला असतो. हा रीसेट.

पहिला संशय जातो प्रोग्रॅमवर, कारण प्रोग्रॅम आपण लिहिलेला असतो आणि त्यात चूक असणार याची मनोमन खात्री असते. मग रात्र-रात्र कोड वाचला जातो. कुणी जाणता म्हणतो, 'अरे, सप्लाय तपास.' मल्टीमीटर लावला जातो. आकडा येतो ५.०२. 'व्होल्टेज बरोबर आहे' असं म्हणून पुन्हा कोड उघडला जातो. तपास नेमका जिथे थांबायला नको तिथे थांबतो, आणि याला कारण मीटरवरचा गैरवाजवी विश्वास.

साधा डिजिटल मल्टीमीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो आणि मधल्या काळाची सरासरी दाखवतो. जीएसएम मॉड्यूलची वीज खाण्याची पद्धत मात्र अगदीच वेगळी आहे. टू-जी जाळ्यात एका वाहिनीवर आठ जणांना पाळीपाळीने बोलायचं असतं. म्हणून मॉड्यूल दर ४.६१५ मिलिसेकंदांत फक्त ५७७ मायक्रोसेकंद प्रक्षेपण करतं आणि उरलेला वेळ गप्प बसतं. आपल्याकडे हौशी कामांत सर्रास वापरलं जाणारं सिम-८००-एल मॉड्यूल त्या ५७७ मायक्रोसेकंदांत दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकतं. त्या तेवढ्या वेळात दाब पूर्ण एक व्होल्टने कोसळला, तरी सरासरीत तो आठवा हिस्सा होऊन मीटरवर ४.९ दिसणार. ४.९ पाहून कुणाला शंका यावी?

शिवाय मीटर लावला जातो तेव्हा बहुतेक वेळा खोका निवांत बसलेला असतो. कॉल नाही, रिले नाही, प्रक्षेपण नाही.

तरी एक कोडं उरतं. टेबलावर हाच खोका हेच मॉड्यूल घेऊन चालला होता, मग वाडीत आल्यावर काय झालं? टेबलावर सप्लाय चांगला आणि वायर आखूड होती, हा झाला अर्धा भाग. उरलेलं उत्तर टॉवरजवळ आहे. जीएसएममध्ये हँडसेटने किती जोरात बोलायचं हे नेटवर्क ठरवतं. पहिली हाक जोरात जाते. पण टॉवर जवळ असला तर नेटवर्क लगेच ताकद कमी करायला सांगतं आणि मॉड्यूल काही मिलिवॉटपर्यंत खाली येतं. शहरात टॉवर गल्लीच्या तोंडाशी असतो. काशीदच्या पुढे डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात, माडांच्या दाट छायेत, पत्र्याच्या पंपघरात ठेवलेल्या खोक्याला टॉवर लांब आणि आडोशाला असतो. तिथे ९०० मेगाहर्ट्झवर मॉड्यूल आपली कमाल दोन वॉटची ताकद लावतं आणि लावतच राहतं. दोन अँपिअरची मागणी जी टेबलावर क्षणभर आली असेल ती इथे एसएमएस जाईपर्यंत पुन्हा पुन्हा येते. म्हणून या खोक्यांची परीक्षा टेबलावर घेणं मला निरर्थक वाटतं. दाब कुठे आणि केव्हा मोजला हे न सांगता सांगितलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो.

आता हे दोन अँपिअर वाटेत काय करतात ते पाहू. ॲडॅप्टरपासून खोक्यापर्यंत बहुधा मोबाइलच्या चार्जरची वायर कापून लावलेली असते. स्वस्त वायरीत तार २८ गेजची. मीटरभर लांबीला तिचा रोध सुमारे ०.२१ ओहम. प्रवाह जातो तसा परतही येतो, म्हणजे ०.४२ ओहम. दोन अँपिअरला ०.८५ व्होल्ट एवढ्या वायरीतच संपले. पाचाचे ४.१५ झाले, आणि ॲडॅप्टर स्वतः ढळला नाही असं धरून. तो जर एक अँपिअरचा असेल, आणि बहुतेकदा असतोच, तर दोन मागितल्यावर तोही मान टाकतो.

ही घसरण मायक्रोकंट्रोलरपर्यंत पोचते तेव्हा काय होतं हे चिपवर अवलंबून आहे. आर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डवरच्या एटीमेगा-३२८-पी चिपमध्ये ब्राउन-आउट डिटेक्टर नावाचं एक छोटं सर्किट असतं. त्याचं काम एकच: दाबावर नजर ठेवायची, आणि तो ठरलेल्या पातळीखाली गेला की पुन्हा वर येईपर्यंत चिपला रीसेटमध्ये दाबून धरायचं. ही पातळी १.८, २.७ किंवा ४.३ व्होल्ट ठेवता येते. उनोवर ती येते २.७ ला. इथे एक पेच आहे. हा बोर्ड १६ मेगाहर्ट्झच्या गतीने चालतो, आणि उत्पादकाच्या आलेखानुसार त्या गतीसाठी चिपला साधारण ३.८ व्होल्ट तरी हवेत. म्हणजे ३.८ आणि २.७ यांच्यामधला सुमारे १.१ व्होल्टचा पट्टा बेवारस आहे. तिथे चिप नीट चालेल याची हमी नाही आणि तिला थांबवणाराही कुणी नाही. ती चुकीची आज्ञा वाचू शकते, गणितात घसरू शकते, आणि सर्वांत वाईट म्हणजे ईईप्रॉममध्ये, जिथे मालकाचा मोबाइल नंबर कायमचा साठवलेला असतो, तिथे कचरा लिहू शकते. दाब कमी असताना ईईप्रॉम बिघडण्याचा हा धोका चिपच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेला आहे. रीसेट होणारा खोका वैताग देतो खरा, पण न होणारा जास्त घातक. पातळी ४.३ वर नेली तर रीसेटची संख्या वाढेल, पण प्रत्येक रीसेट तरी प्रामाणिक असेल.

याच्या उलट सल्ला मात्र सगळीकडे मिळतो. ईएसपी-३२ ही वाय-फायवाली चिप दाब घसरला की 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' असा संदेश सीरियल मॉनिटरवर लिहून पुन्हा सुरू होते. संदेश नको असेल तर एका ओळीत डिटेक्टरच बंद करता येतो, आणि पुष्कळ जण तो करतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार बांधणाऱ्या वायरमनची आठवण व्हावी असं हे आहे. वास्तविक ही चिप वाय-फायवर जोरात बोलताना सुमारे २४० मिलिअँपिअर खाते आणि उत्पादक निदान ५०० चा सप्लाय द्या म्हणून सांगतो. बोर्डवर पाचाचे ३.३ करणारा एएमएस-१११७ रेग्युलेटर असेल तर त्याला आत ३.३ पेक्षा एखादा व्होल्ट तरी जास्त लागतो. बारक्या वायरीतून त्याच्यापर्यंत ४.२ पोचले की तो ३.३ राखू शकत नाही. चिप खरं तेच सांगत असते.

तर मग खरं कारण चिपलाच विचारावं. एटीमेगामध्ये एक नोंदवही असते, एमसीयूएसआर नावाची. शेवटचा रीसेट वीज नव्याने आल्यामुळे झाला, रीसेटच्या पिनमुळे झाला, दाब घसरल्यामुळे झाला की वॉचडॉगमुळे (प्रोग्रॅम अडकला की चिपला रीसेट करणारा पहारेकरी), याच्या चार वेगळ्या खुणा तिच्यात असतात. प्रोग्रॅम सुरू होताच ती वाचायची, ईईप्रॉममध्ये त्या त्या कारणाचा आकडा एकाने वाढवायचा आणि नोंदवही पुसायची. एक सावधगिरी: काही बूटलोडर ही खूण आपल्या प्रोग्रॅमपर्यंत पोचण्याआधीच पुसून टाकतात, सगळेच आकडे शून्य दिसले तर तिकडे बघा. आठवड्याने खोका उघडला आणि 'दाब घसरला' या खान्यात चाळीस, 'वॉचडॉग' या खान्यात शून्य असं निघालं, तर कोड वाचणं त्या दिवसापुरतं बंद करायला हरकत नाही. रीसेट-पिनच्या खान्यात आकडे साठले असतील तर प्रकरण वेगळं. तिथे दाब घसरलेला नसतो. मोटरच्या स्टार्टरमधली कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना जो झटका मारते तो लांबलेल्या वायरीवाटे पिनपर्यंत पोचतो. त्या पिनला दहा किलोओहमचा रोध पाचाकडे आणि छोटा कपॅसिटर जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, दिला, आणि कॉइलच्या दोन टोकांवर रोध-कपॅसिटरची जोडी लावली, की बहुधा भागतं. ते असो.

दाब किती घसरला हे प्रत्यक्ष बघायचं तर ऑसिलोस्कोप हवा. त्याची टोकं ॲडॅप्टरपाशी लावू नयेत. चिपच्या पुरवठ्याच्या आणि जमिनीच्या पिनवरच धरावीत. ट्रिगर घसरत्या कडेवर साडेचार व्होल्टला लावून 'सिंगल'चं बटण दाबायचं आणि मग खोक्याला फोन लावायचा. पडद्यावर सरळ रेषेत एकसारख्या अंतरावर खड्डे उमटतात, प्रत्येक अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा रुंद, दोन खड्ड्यांत साडेचार मिलिसेकंदांचं अंतर. एकदा हे चित्र पाहिलं की पुन्हा कुणी जीएसएमवाल्या खोक्यात मल्टीमीटरवर विसंबत नाही.

वाडीत ऑसिलोस्कोप कोण नेणार? गरजही नाही. एटीमेगा स्वतःचा पुरवठा स्वतः मोजू शकते, आणि ही युक्ती मला ऑसिलोस्कोपपेक्षा जास्त आवडते. चिपच्या आत सुमारे १.१ व्होल्टचा एक स्थिर संदर्भ-दाब असतो. नेहमी आपण पुरवठ्याला प्रमाण मानून बाहेरचा दाब मोजतो. इथेही प्रमाण पुरवठाच, पण मोजायचा तो आधीच माहीत असलेला १.१, आणि आलेल्या आकड्यावरून उलट पुरवठा काढायचा. पुरवठा पाच असेल तर १०२४ पैकी २२५ च्या आसपास आकडा येतो, तो चारवर घसरला की २८१. आकडा वाढला म्हणजे दाब घसरला. एका मोजणीला शंभरेक मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ५७७ मायक्रोसेकंदांच्या खड्ड्यात पाच मोजण्या सहज बसतात. प्रोग्रॅमने सतत मोजत राहून दिसलेला सर्वांत मोठा आकडा तेवढा जपायचा आणि मालकाच्या एसएमएसला चिकटवून पाठवायचा. प्रत्येक चिपमधला १.१ नेमका १.१ नसतो, एक ते १.२ यांत कुठेही असू शकतो. म्हणून आधी एकदा चांगल्या मीटरशी ताळा जमवून घ्यावा लागतो.

उपायांकडे वळताना पहिली सवय मोडायची ती मोठा ॲडॅप्टर आणण्याची. दोन अँपिअर आठव्या हिश्श्याच्या वेळात म्हणजे सरासरी पाव अँपिअर. सरासरी भागवायला एक अँपिअरचा ॲडॅप्टर भरपूर आहे. कमी पडतो तो ५७७ मायक्रोसेकंदांपुरता, आणि तेवढ्यापुरता साठा मॉड्यूलच्या शेजारी ठेवणं हे कपॅसिटरचं काम. हिशेब सोपा आहे. ॲडॅप्टर एक अँपिअर देईल, उरलेला एक कपॅसिटरने द्यायचा, आणि दाब ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घसरू द्यायचा नाही. प्रवाह गुणिले वेळ भागिले घसरण: १ × ०.०००५७७ ÷ ०.३. उत्तर येतं सुमारे १,९०० मायक्रोफॅरड. बाजारात २,२०० चा मिळतो. तो कमी ईएसआरचा, म्हणजे आतला रोध कमी असलेला घ्यावा, कारण साध्या कपॅसिटरच्या पोटातच दहावा हिस्सा ओहम रोध असेल तर त्यातला ०.१ व्होल्ट तिथेच गेला. आणि तो मॉड्यूलच्या पायांपासून दोन-तीन सेंटिमीटरांत लावायचा. ॲडॅप्टरच्या तोंडाशी लावलेला कपॅसिटर मधल्या वायरीपुढे हतबल असतो. चिपच्या प्रत्येक पुरवठा-पिनजवळचा ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक मात्र वेगळा. तो चिपच्या स्वतःच्या अतिजलद झटक्यांसाठी असतो, मॉड्यूलच्या भुकेपुढे तो काहीच नाही. अनेक जण 'कपॅसिटर लावला होता' म्हणतात तेव्हा बहुधा तोच लावलेला असतो.

दुसरा उपाय वाटा वेगळ्या करण्याचा. मॉड्यूल, रिले आणि चिप एकाच बारीक वायरीवर ओळीने लटकवली की मॉड्यूलने ओढलेला प्रवाह चिपच्याही वाटेतून जातो. जमिनीच्या वायरीचंही तसंच. परतीचा प्रवाह तिच्यातून जाताना चिपची 'जमीन' शून्यावर राहत नाही. म्हणून पुरवठ्यापासून मॉड्यूलची जोडी वेगळी, रिलेची वेगळी, चिपची वेगळी न्यायची. चिपच्या वाटेत एक शॉटकी डायोड आणि त्याच्या पलीकडे ४७० मायक्रोफॅरड ठेवला तर मॉड्यूलने कितीही ओढलं तरी चिपच्या साठ्यातून प्रवाह उलटा जाऊ शकत नाही. चिपला विसेक मिलिअँपिअर पुरतात. ०.४ व्होल्ट घसरेपर्यंत तो कपॅसिटर तिला नऊ मिलिसेकंदांहून जास्त सांभाळतो. खड्डा असतो जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा. काही पैशांचा डायोड, पण इतक्या खोक्यांत मला तो दिसत नाही की नवल वाटतं.

एकाच्या प्रवाहाचा दुसऱ्याला उपद्रव होतो आणि तो मिटवायला दोघांना वेगळं करावं लागतं, याचा सर्वांत भव्य दाखला अलिबागमध्येच उभा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी चालू होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. रुळांतून आणि जमिनीतून परतणाऱ्या त्यांच्या प्रवाहाने नाजूक चुंबकसुया हलणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी सगळं चुंबकीय काम मुंबईबाहेर हलवायचं ठरवलं आणि जागा निवडली अलिबागची. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. विजेच्या ट्राम धावल्या १९०७ मध्ये. मधली दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप घेतलं गेलं, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड बसावी. उपद्रव सुरू होण्याआधी मोजून ठेवणं ही शिस्त आजच्या खोकेवाल्यांनी उचलावी अशी आहे. वेधशाळा अजून काम करते आहे, आणि ती जिच्या अखत्यारीत आहे ती भारतीय भूचुंबकत्व संस्थाही याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

आता कोकणच्या हवेची गोष्ट, कारण वर सांगितलेलं सगळं केलं तरी इथे वर्षभराने तेच दुखणं परत येऊ शकतं. समुद्रापासून शे-दोनशे मीटरांवरच्या पंपघरातला खोका पावसाळ्यानंतर उघडा. स्क्रू-टर्मिनलच्या पितळेवर हिरवट पूड असते. स्क्रू सैल करून वायर ओढली तर तांब्याचे तंतू चमकत नाहीत. टोकाला काळपट, थोडं वर हिरवे, आणि दोन-तीन तंतू बोटाने वाकवताच तुटतात. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. इथे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच राहते आणि एरवीही कित्येक रात्री तिथवर जाते. म्हणजे पाऊस थेट आत आला नाही तरी टर्मिनलवर खारट पाण्याची अदृश्य साय धरलेली असते. तांबं, पितळ आणि स्क्रूवरचा जस्ताचा मुलामा एकत्र भिजले की गंज आपलं काम सुरू करतो, आणि जोडाचा रोध हळूहळू वाढतो.

हा वाढलेला रोध मीटरच्या ओहमच्या खान्यात सापडत नाही. मीटर मोजताना अगदी बारीक प्रवाह सोडतो आणि जोड चांगला असल्याचा दाखला देतो. खरी तपासणी प्रवाह वाहत असतानाच करायची: मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक वायरीच्या तांब्यावर आणि दुसरं टर्मिनलच्या पलीकडच्या धातूवर. एक अँपिअर वाहताना तिथे ३०० मिलिव्होल्ट दिसले तर तो एकटा जोड ०.३ ओहम खातो आहे. चांगल्या जोडावर मीटर एक-दोन आकड्यांच्या पुढे जात नाही. या कामासाठी एक अँपिअरचा भार म्हणून पाच ओहमचा, दहा वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर पिशवीत असावा. मॉड्यूलच्या खड्ड्यांच्या मागे धावत बसावं लागत नाही. वायर तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली घ्यावी, टोकाला लग किंवा फेरूल दाबून लावावं. कथिल वितळवून तंतू एकत्र करायची सवय स्क्रू-टर्मिनलमध्ये महागात पडते. दाबाखाली ते कथिल सरकत राहतं आणि स्क्रू काही महिन्यांनी सैल पडतो. आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा थर, बोर्डवर कोटिंग, आणि खोक्याला वायरी नेहमी खालून, थोडा झोल देऊन.

भिंतीतल्या विजेबद्दलही बोलायला हवं, कारण गावात पहिलं बोट तिच्याकडेच दाखवलं जातं. कधी ते बरोबर असतं, बहुधा नसतं. नियमाने घरगुती दाब २३० व्होल्ट, सहा टक्के कमी-जास्त, म्हणजे २१६ ते २४४. डीपीपासून लांब, शेवटच्या खांबावरच्या वाडीत तो सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, होमस्टेमधले सगळे एसी एकदम चालू असताना, याच्या बराच खाली असू शकतो. त्यात एक अश्वशक्तीची मोटर चालू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट, म्हणजे तीस-पस्तीस अँपिअर ओढते. घरापासून विहिरीपर्यंत साठ मीटर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर जाता-येता तिचा रोध ०.९ ओहमच्या घरात. तीसेक व्होल्ट तिथेच गेले. खोका असतो मोटरच्या बाजूला, म्हणून त्याच्या वाट्याला सगळी घसरण येते. १८० चे १५० होतात, अर्ध्या-एक सेकंदासाठी.

पण १५० ने हल्लीचा ॲडॅप्टर बंद पडत नाही. त्याच्यावर १०० ते २४० छापलेलं असतं ते याचसाठी. बंद पडतो तो जुन्या धाटणीचा, ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५ रेग्युलेटरवाला सप्लाय. हिशेब करून पाहा. नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर १५० ला ५.९ देतो. त्याचं शिखर ८.३, डायोड-ब्रिजने १.४ खाल्ल्यावर ६.९. एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि २०० मिलिअँपिअर भार असला तर दोन शिखरांमध्ये आणखी दोन व्होल्ट उतरतात: ४.९. ७८०५ ला पाच देण्यासाठी आत सुमारे सात लागतात, त्यामुळे दर दहा मिलिसेकंदांनी बाहेर पाचाऐवजी तीनच्या आसपास. म्हणजे नेमका तो बेवारस पट्टा. नव्या ॲडॅप्टरलाही एक म्हातारपण असतं. पत्र्याखालच्या उष्णतेत त्याच्या आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. दोन उन्हाळे काढलेला ॲडॅप्टर रिकामा असताना पाच दाखवतो आणि मोटर सुरू होताना हात वर करतो. रीसेटच्या नोंदीबरोबर वेळही साठवली असेल तर हे प्रकार ओळखणं सोपं जातं: कॉलच्या वेळी होणारे रीसेट मॉड्यूलचे, मोटर ओढताक्षणीचे भिंतीतले, आणि शनिवारी संध्याकाळी दाटणारे शेवटच्या खांबाचे.

हाच विषय किनाऱ्यावर आणखी एका जागी भेटतो, आणि तिथे ना मोबाइल असतो ना महावितरण. रेवदंड्याच्या खाडीत, आगरदांड्याला, श्रीवर्धनच्या जीवना बंदरात मासेमारीच्या बोटींवर आता जीपीएस आणि फिशफाइंडर असतात, आणि आत अर्थातच मायक्रोकंट्रोलर. सेल्फ मारला की ते बंद पडून पुन्हा सुरू होतात. स्टार्टरची मोटर दोनशे अँपिअर आणि त्याहून जास्त ओढते. बारा व्होल्टच्या बॅटरीचा आणि तिच्या जाड केबलचा मिळून रोध १५ मिलिओहम धरला तरी तीन व्होल्ट गेले; १२.६ चे ९.६ उरले. बॅटरी जुनी, टर्मिनल पांढरं पडलेलं, रोध २५ वर गेला की पाच व्होल्ट जातात. अनेक उपकरणं दहा-अकरा व्होल्टच्या खाली तग धरत नाहीत. इंजिन आधी, जीपीएस मागून, हा क्रम त्यावरच तोडगा म्हणून पाळला जातो. किनाऱ्याला बांधलेल्या बोटीत तो चालतो. इंजिन समुद्रात बंद पडून पुन्हा सुरू करावं लागलं तर त्याच वेळी जागा दाखवणारं यंत्र नव्याने उपग्रह शोधत बसतं.

इथे कपॅसिटरने भागत नाही. घसरण मिलिसेकंदांची नसून सेकंदांची असते, आणि उपकरण अँपिअरभर खातं. एक अँपिअर दोन सेकंद द्यायचा आणि एक व्होल्टपेक्षा जास्त घसरू द्यायचा नाही, तर दोन फॅरड हवेत. तेवढ्यापेक्षा सात अँपिअर-तासांची छोटी सीलबंद बॅटरी स्वस्त पडते. ती मुख्य बॅटरीवरून एका शॉटकी डायोडमधून भरत राहते आणि सेल्फ मारताना डायोड तिचा प्रवाह स्टार्टरकडे उलटा जाऊ देत नाही. डायोडमध्ये ०.४ व्होल्टच्या आसपास जातात, त्यामुळे ती पूर्ण भरत नाही, पण या कामाला तेवढी पुरते. उपकरणांची वायर स्टार्टरच्या बोल्टवरून न घेता या छोट्या बॅटरीच्या टर्मिनलवरून घ्यायची, जमिनीची वायरसुद्धा, आणि फ्यूज तिच्या अगदी जवळ. मग मुख्य बॅटरी आठ व्होल्टपर्यंत खाली गेली तरी फिशफाइंडरचा पडदा हलत नाही.